साडूच्या चाकामागून जालना रोड

लोक सायकली घेऊन हिमालयात जातात आणि परत येऊन जाडजूड पुस्तकं लिहितात. मी पुंडलिकनगरातून निघून बदनापूरच्या पलीकडच्या सासुरवाडीला गेलो आणि तिसऱ्या दिवशी परत आलो. एका बाजूचं अंतर साठ-बासष्ट किलोमीटर. मोटारीतले लोक एवढ्या अंतरात एक डुलकी काढतात. तरी मी लिहिणार आहे, कारण जे भोगलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा जीव शांत होणार नाही आणि घरात आता कुणी ऐकून घेत नाही. गावाचं नाव मात्र सांगत नाही. आमचे सासरे छापलेलं सगळं वाचतात, अगदी भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा.

पुंडलिकनगर

छावणीच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. लहानपणी विटी लागून माझा डावा डोळा गेला. त्याला उजेड आणि अंधार कळतो, बाकी काही नाही. त्यामुळे जे काही बघायचं ते उजव्या डोळ्यानं. त्याच डोळ्याला भिंग लावून मी तीस वर्षं लोकांची घड्याळं उघडत आलो. गेल्या वर्षी त्यात मोतीबिंदू धरला. ऑपरेशन झालं, नवी नजर आली, केसाएवढी स्प्रिंग पुन्हा स्पष्ट दिसायला लागली. सात आठवड्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सायकल चालवा खुशाल. पण रस्त्याचा चिखल त्या डोळ्यात जाता कामा नये. तुम्हाला एकच डोळा आहे, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत."

तर एवढं होतं पणाला. माझा एक डोळा, आणि त्यावर चालणारं दुकान. हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. साडूंना दोनदा सांगितलं होतं.

साडू म्हणजे सुहासराव, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण साडू असल्यामुळे त्यांना अहो-जाहो करावं लागतं. मनात काय म्हणतो ते वेगळं. त्यांच्याकडे कार्बनची रोड बाइक आहे, जी ते दोन बोटांनी उचलून दाखवतात. समोर माणूस नसला तरी उचलतात असा मला संशय आहे. माझ्याकडेही रोड बाइकच आहे, पण परदेशी जाताना भाच्यानं ठेवून दिलेली.

अधिक श्रावण लागला आणि सासुरवाडीहून निरोप आला: दोन्ही जावयांनी धोंड्याच्या जेवणाला यायचंच. सुहासराव म्हणाले, "साडूभाऊ, सायकलीनं जाऊ. बायका गाडीनं येतील." दोन महिने घरात बसून मी कंटाळलो होतो. हो म्हणालो. माझी पहिली चूक ती.

हो म्हटल्याबरोबर मी मडगार्डच्या मागं लागलो. रोड बाइकला मडगार्ड नसतं. नसतं म्हणजे कंपनी देत नाही, आणि बसवायला भोकंही ठेवत नाही. बहुधा असा समज असावा की या सायकली घेणाऱ्यांच्या गावी पाऊस पडत नाही. माझ्या दुकानाच्या शेजारी सलीमभाईंचं सायकलचं दुकान आहे. त्यांनी कुठून तरी दोन्ही चाकांसाठी अरुंद काळं प्लास्टिकचं मडगार्ड मिळवून दिलं, पण मीच बसवतो म्हणालो. दोन संध्याकाळी खपून, रबराचे तुकडे कापून, पट्ट्या वाकवून, प्लास्टिकच्या केबल टायनं आवळून मी ते असं बसवलं की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये काडेपेटीची काडी जेमतेम सरकावी. चाक फिरवलं, कुठं घासत नव्हतं. मी सलीमभाईंना अभिमानानं दाखवलं.

त्यांनी वाकून बघितलं आणि मान हलवली. "मास्टर, इतना चिपकाके मत बिठाओ. काली मिट्टी को जगा होना पडती."

"अहो, डांबरी रस्ता आहे. माती कुठली?"

"ये घडी नै है, मास्टर," ते म्हणाले आणि पंक्चर काढायला बसले. मला वाटलं, आपलं काम सुबक झालंय म्हणून यांना जरा लागलं.

सुहासरावांनाही मी एक मडगार्ड आणून दिलं. ते त्यांनी हातात घेऊन परत केलं. "कार्बनला हे? सुटाखाली स्लिपर घातल्यासारखं दिसेल."

"दिसण्याचा प्रश्न नाही, सुहासराव. तुमच्या मागच्या चाकाचं पाणी तुमच्या पाठीवर उडतं ते उडू द्या. पण मागून येणाऱ्याच्या तोंडावरही उडतं. आणि मागून मी येणार आहे."

"मग मी मागं राहतो की! त्यात काय!"

पावसात सायकल चालवणाऱ्यांची रीतच आहे ती: ज्याच्या मागच्या चाकाला मडगार्ड नाही, त्यानं सगळ्यात मागं राहायचं. साधी गोष्ट आहे. शाळेतल्या पोरालाही कळावी.

करमाड

सकाळी साडेसहाला निघालो. मी पुढं, सुहासराव मागं. रिमझिम चालू होती. रस्ता ओला, पण माझं मडगार्ड झकास काम करत होतं. बूट कोरडे, पाठ कोरडी, चष्म्याची काच स्वच्छ. चिकलठाण्यापर्यंत मी खरोखर सुखी होतो. आजूबाजूला शाळेच्या रिक्षा, कामावर निघालेल्या मोटारसायकली, दुकानांची उघडणारी शटरं. दोन महिन्यांनी हे सगळं धारदार दिसत होतं. लांबच्या फलकांवरची अक्षरं मी उगाच मोठ्यानं वाचत होतो.

चिकलठाणा मागं पडलं आणि सुहासराव सूं करून माझ्या पुढं गेले.

पुढं गेले ते गेले, आणि बरोबर माझ्यासमोर येऊन बसले. त्यांच्या मागच्या चाकातून तपकिरी पाण्याचा एक पट्टा उठला आणि सरळ माझ्या छातीवर आला. शेंद्र्याकडचे ट्रक त्या रस्त्यावरून वाळू, राख, तेल काय काय सांडत जातात. ते सगळं त्या पट्ट्यात होतं. मी ओरडलो, "अहो, मागं या!" ते मागं आले. दोन किलोमीटरांनी पुन्हा पुढं. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा मागं, आणि पुन्हा पुढं. शिवाय पुढं गेले की हात सोडून कधी डावीकडे, कधी उजवीकडे बोट नाचवायचे, जणू वरात चालली आहे. त्या बोटांचा मला इतका संताप आला की सांगता येत नाही.

माझा चष्मा चिखलानं भरला. पुसला तर आणखी पसरला. एका डोळ्याच्या माणसानं आंधळ्या काचेतून जालना रोडवर सायकल कशी चालवायची? मी चष्मा काढून खिशात टाकला. ही माझी दुसरी चूक, कबूल करतो. करमाडच्या अलीकडे एका खड्ड्यातून सुहासरावांचं चाक गेलं आणि मूठभर गाळ माझ्या उजव्या डोळ्यात आला.

जग बंद झालं. खरंच बंद झालं. डावा डोळा उघडा होता, पण त्याला नुसता पांढुरका उजेड दिसत होता. ब्रेक दाबून मी रस्त्याच्या कडेला कसा आलो ते मला आठवत नाही. सायकल धरून उभा राहिलो.

सुहासरावांनी मला करमाडच्या एका हॉटेलात नेऊन बसवलं. हॉटेलवाले काका मोठे समजूतदार. त्यांनी बाटलीबंद पाणी फोडलं, माझी मान मागं धरली आणि धार सोडली. "चोळू नका, पाव्हणं. अजिबात चोळू नका. पाण्यानंच जाऊ द्या." खडा निघाला. डॉक्टरीणबाईंचे थेंब खिशात होते, ते घातले. हळूहळू हॉटेल दिसायला लागलं. आधी काकांचा पांढरा सदरा, मग कढई, मग कढईतली भजी. पण डोळ्यात कुसळ असल्यासारखं टोचतच राहिलं.

सुहासराव म्हणाले, "या रस्त्याचं काही खरं नाही. टॅक्स घेतात आणि बघा."

मी थेंबांच्या बाटलीचं झाकण लावत होतो.

"आणि वारासुद्धा उलटा आहे ना. नाहीतर एवढं उडत नाही."

काका बाहेर जाऊन कार्बनची सायकल न्याहाळून आले. "साहेब, हिचं मडगार्ड कुठं गेलं?"

"हिला नसतंच," सुहासराव अभिमानानं म्हणाले.

"इतकी लई भारी सायकल, अन् एवढंच देयाचं राहिलं व्हय कंपनीचं?"

हसावं असं काकांचं बोलणं होतं, पण मला हसू आलं नाही. मी चहा अर्धा ठेवून उठलो. "सुहासराव, तुम्ही निघा. माझ्यापुढं नको, मागं नको. मला दिसूच नका."

ते काही तरी बोलणार होते, पण माझ्या तोंडाकडे बघून निघाले. भजी मात्र बांधून घेऊन गेले.

पांदण

दिसू नका म्हटलं तरी ते दिसतच होते. दोनशे पावलं पुढं. मी हळू झालो की तेही हळू होत. मधूनच थांबत, हात वर करत, मी जवळ यायला लागलो की पुन्हा निघत. मला वाटलं, आपण किती दमलोय ते मोजत आहेत. जोरात चालवणाऱ्या माणसाची ही एक खोड असते, मागच्यासाठी थांबायचं आणि तो टेकला की लगेच सुटायचं. बदनापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी इतकं भांडलो की घसा कोरडा पडला.

बदनापूरच्या पुढं डावीकडे फाटा आहे. गावच्या ओढ्यावरचा पूल खणून ठेवलेला होता. नव्या पुलाच्या पाटीवर फुलांचा हार वाळला होता, पूल नव्हता. त्यामुळे गावाला जायला शेताशेतांतली पांदण. दीड किलोमीटर काळी माती, आणि वर आठ दिवसांचा पाऊस.

पहिल्या वीस पावलांत मला सलीमभाईंचं बोलणं कळलं. काळी माती ओली झाली की ती चाकाला धरते, आणि धरली की सोडत नाही. टायरवर थर चढला, थरावर थर चढला, आणि तो थर मडगार्डमध्ये शिरला. मी ठेवलेली काडीएवढी फट! त्यात माती अशी बसली की चाक जागच्या जागी थांबलं. ढकललं तर सायकल घसरत येई, चाक फिरत नसे. मी काडीनं कोरलं, बोटानं कोरलं, दहा पावलं गेलो आणि पुन्हा तेच. पुढं बघितलं तर सुहासराव सायकल ढकलत चालले होते. त्यांचंही चाक चिखलानं माखलेलं, पण फिरत होतं! ज्या चाकामुळे माझा डोळा गेला असता ते चाक खुशाल फिरत होतं, आणि ज्यानं दोन संध्याकाळी खपून मडगार्ड बसवलं तो पांदणीत उभा होता. या जगात न्याय नाही, हे मला आधीही माहीत होतं, पण इतक्या जवळून बघितलं नव्हतं.

गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई मागून आल्या. मला बघून थांबल्या. भारा खाली टाकला आणि बराच वेळ सायकलीकडे बघत राहिल्या.

"पाव्हणं, हे मडगार्ड पावसाळ्यात लावलं?"

"पावसाळ्यासाठीच लावलं, मावशी."

"अगं बया!" त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "आमचे मालक मिरग लागला की मडगार्ड काढून माळ्यावर टाकतेत. दिवाळी झाली की लावतेत. सगळं गावच काढतंय की. तुमी शेरातली माणसं उलटंच करताव."

मी गावातल्या सायकली आजवर कितीदा बघितल्या असतील. उघड्या चाकांच्या त्या सायकली बघून मला नेहमी वाटायचं, बिचाऱ्यांची मडगार्डं मोडली असतील. तीस वर्षं मी त्यांची कीव करत होतो.

मावशींनी विळा काढला आणि मडगार्डमधली माती खरवडायला घेतली. हात चालवता चालवता चौकशी. कोणाकडं? मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. "मंग तुमी थोरलं जावई. डोळ्याचं आप्रेशन झालेलं. व्हय का?" आमच्या गल्लीत कुणाला माहीत नाही ते या गावात पांदणीपर्यंत माहीत होतं. "डोळा लाल दिसतोय हो तुमचा. अन् धाकलं जावई तुमाला सोडून फुडं गेलं?"

"हो, गेले," मी म्हणालो. तेवढंच बरं वाटलं.

शेवटी मी केबल टाय तोडले, दोन्ही मडगार्डं ओढून काढली, पाठीला बांधली आणि सायकल खांद्यावर घेऊन गावात शिरलो. कोपरापर्यंत काळा आणि गुडघ्यापर्यंत काळा. सासऱ्यांच्या अंगणात सुहासराव आंघोळ करून, टोपी घालून, पाटावर बसले होते. मामी, म्हणजे आमच्या सासूबाई, भाकरतुकडा ओवाळायला आल्या आणि माझं ध्यान बघून दोन पावलं मागं सरल्या. "अगं बाई! धाकटे किती स्वच्छ आले, आणि थोरल्यांनी काय शेत नांगरलं का?"

सासुरवाडी

आमचे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, एसटीच्या डेपोत उभी हयात पत्रे ठोकून निवृत्त झालेले. बोलायला कमी. मी गेलो की त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. ते मनगटावरचं जुनं चावीचं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवतात. घड्याळाला काही झालेलं नसतं. पण जावयानं ते उघडावं, आत बघावं आणि "चांगलं आहे" म्हणावं, एवढं त्यांना हवं असतं.

त्या संध्याकाळीही त्यांनी घड्याळ ठेवलं. गाडीतून आलेल्या पिशवीतून मी भिंग काढलं, उजव्या डोळ्याला लावलं, झाकण उघडलं. आत धुकं होतं. चाकांचे दाते एकमेकांत मिसळलेले, स्प्रिंग म्हणजे नुसता एक राखाडी डाग. मी भिंग पुसलं, पुन्हा लावलं. धुकं तसंच.

मी घाबरलो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही. दुकानातलं टेबल, त्यावरचा दिवा, पाकिटांत नावं घालून ठेवलेली लोकांची घड्याळं, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी झाकण लावलं आणि म्हणालो, "चांगलं आहे, मामा."

मामांनी घड्याळ घेतलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. "उघडून लगेच लावलंत," ते म्हणाले. "दिसंना का?"

मग लपवून काय उपयोग? शैलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, थेंब चालू ठेवा, चोळू नका, दुखणं वाढलं तर जालन्यात लगेच दाखवा, नाहीतर परवा शहरात आल्या आल्या थेट माझ्याकडे. दुखणं वाढलं नाही. पण मी सुहासरावांवर जो सुटलो तो सुटलो. ते गोठ्याकडे गेले होते, म्हणून शैलाच ऐकत होती. मूर्ख, दिखाऊ, स्वार्थी, हट्टानं पुढं जातो, वर बोटं नाचवतो, असं बरंच काही.

शैला शांतपणे म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्यांना पुढं राहायला."

"काय?"

"तुम्हाला खड्ड्याची खोली कळत नाही एका डोळ्यानं. गेल्या पावसाळ्यात दोनदा पडलात. म्हणून मी सुहासरावांना म्हटलं, यांच्या पुढं राहा आणि खड्डा आला की हात दाखवा. आणि यांना सांगू नका, उगाच चिडतील."

मी खाटेवर बसून राहिलो. म्हणजे ते नाचणारं बोट माझ्यासाठी होतं. ते दोनशे पावलांवर थांबून हात वर करणं माझ्यासाठी होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण खरं सांगतो, त्याहून जास्त राग आला. खड्ड्यापासून वाचवायचं आणि खड्ड्यातला गाळ डोळ्यात घालायचा, याला काय म्हणावं? एक मडगार्ड लावलं असतं तर दोन्ही साधलं असतं! आणि ही बाई मला सांगत का नाही? आणि तो माणूस करमाडला रस्त्याला आणि वाऱ्याला शिव्या देतो, पण "शैलाताईंनी सांगितलं" असं म्हणत नाही, आणि "चुकलं" असंही म्हणत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मामांच्या मागच्या अंगणातून ठक् ठक् आवाज येत होता. दुपारी पंगत बसली. आमच्याकडे, म्हणजे माझ्या आईच्या माहेरी, धोंडे तळतात. इथं कणकेत पुरण घालून वाफवतात आणि वरून तुपाची धार सोडतात. तळलेल्यांहून हे बरे, असं मी जाहीरपणे म्हणणार नाही, पण पाच खाल्ले. जेवणं झाल्यावर वाण. आधी थोरले म्हणून मला: तांब्याचं ताम्हन, त्यात तेहतीस अनारसे, वर लावलेला दिवा. मी पाया पडलो.

मग सुहासरावांना. त्यांचं ताम्हन मामा स्वतः घेऊन आले. अनारसे होते, दिवा होता, आणि अनारशांच्या बाजूला पत्र्याचं एक मडगार्ड होतं. तेलाचा डबा कापून, कडा दुमडून, गोल ठोकून, आतून ट्यूबचं रबर लावून केलेलं. वर लाल अक्षरांत "शुद्ध शेंगदाणा तेल" तसंच राहिलं होतं.

सुहासराव ताम्हनाकडे बघतच राहिले. संगीता, म्हणजे त्यांची बायको, भिंतीकडे तोंड करून हलत होती. शेजारपाजारचे पाचपन्नास लोक बघत होते. आणि धोंड्याच्या महिन्यातलं सासऱ्याच्या हातचं वाण आजवर कुठल्या जावयानं परत केलंय?

"जरा वजन होईल, मामा," ते कसेबसे म्हणाले.

"पितळेचं करणार व्हतो," मामा म्हणाले. "घ्या."

सुहासरावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं.

परत

निघताना शैलाची अट अशी: पांदण गाडीनं, पुढं गावचा ट्रॅक्टर बांधून, पार करायची, डांबरीला लागल्यावर सायकली काढायच्या, आणि बायका गाडी घेऊन मागून येणार. डोळ्यात काही गेलं की गाडीत. मी गाडीतच बसावं असं तिचं म्हणणं होतं. पण ते शेंगदाणा तेल जालना रोडवरून जाताना बघायची संधी मी सोडणार नव्हतो.

मामांनी स्वतः ते बसवलं. टायर आणि पत्रा यांच्यात दोन बोटं फट. मी त्या फटीत बोटं घालून बघितली. माझंही त्यांनी तसंच बसवून दिलं, माझ्या पट्ट्या पुन्हा वाकवून.

आमची मिरवणूक निघाली. पुढं सुहासराव, त्यांच्या मागं मी, मागं दिवे लुकलुकवत गाडी, आणि गाडीमागं हॉर्न मारणारा अर्धा मराठवाडा. पाऊस सपाटून लागला. सुहासरावांच्या चाकाचं पाणी पत्र्याला धडकून खाली पडत होतं. माझ्यापर्यंत थेंब येत नव्हता. त्यांचं बोट डावीकडे गेलं की मी उजवीकडे घेत होतो, आणि खड्डा बाजूनं निघून जात होता. पत्रा एवढा खडखडत होता की गुरं माना वर करून बघत होती.

मी वाचत होतो. तीन तास मी ते तीन लाल शब्द वाचत होतो. "शुद्ध" दिसत होतं. "शेंगदाणा" दिसत होतं. त्याखाली बारीक अक्षरांत काही तरी लिहिलं होतं, ते दिसत नव्हतं. तीन दिवसांपूर्वी दिसलं असतं. दर दोन किलोमीटरला मी पुन्हा प्रयत्न करायचो.

करमाडला थांबलो नाही. दुपारी एकच्या सुमाराला थेट डॉक्टरीणबाईंचं हॉस्पिटल. चकचकीत फरशीवर आम्ही दोघं उभे, पाणी गळतंय, आणि आया हातात पोछा घेऊन आमच्याकडे बघतेय. डॉक्टरीणबाईंनी मला यंत्राला हनुवटी टेकवायला लावली. शैला आणि सुहासराव मागं उभे होते. सुहासरावांना बाहेर बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.

त्या किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग दिवा बंद झाला. "डोळ्यात बसवलेलं भिंग जागेवर आहे. बुबुळावर बारीक ओरखडा आहे, तो भरत आलाय. सूज आहे म्हणून धूसर दिसतं. आठ-दहा दिवस घड्याळं बंद. मग पूर्वीसारखं दिसेल." शैलानं भिंतीला हात टेकला. मी उगाचच जोरात खोकलो.

"पण इतकं सांगूनही चिखल गेला कसा डोळ्यात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी ट्रकचं नाव सांगणार होतो. साडू झाले तरी घरचे आहेत, बाहेरच्यासमोर कशाला, असा विचार केला होता.

"माझ्या चाकाचा गेला," सुहासराव म्हणाले. "मला मडगार्ड लावा म्हणून हे सांगत होते. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे." आणि तो पाच फूट अकरा इंचांचा माणूस तिथं, सगळ्यांच्या देखत, ओल्या बाहीनं डोळे पुसायला लागला.

पुढची दिवाळी येईपर्यंत यांच्याशी बोलायचं नाही, असं मी बदनापूरपासून पक्कं ठरवत आलो होतो. तेवढंही या माणसानं मला करू दिलं नाही.